नोटेला आडनाव नसते

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातील धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीला जेमतेम तीन आठवडे झाले होते. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप मशीन दिल्या, अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला आले. पुढे बातम्या आल्या त्या धसई पुन्हा रोखीकडे वळल्याच्या. दुकानात मशीन बसले तरी पाड्यावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कार्ड नसेल, तर ते मशीन शोभेचेच.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला केंद्राने भीम ॲप आणले आणि १४ एप्रिल २०१७ ला नागपुरात भीम-आधार. बाबासाहेबांचे नाव दिले, छान झाले. पण १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये बाबासाहेब विचारत होते ते वेगळेच: रुपयाचा भाव घसरल्यावर व्यापाऱ्याला जो फायदा होतो, तो कोणाच्या खिशातून जातो? उत्तर होते, मजुराच्या. चलनाची कोणतीही नवी व्यवस्था आली की हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात २००० कोटींच्या पुढे गेले. दुसरीकडे, नोटाबंदीच्या वेळी सुमारे १८ लाख कोटींची असलेली चलनातली रोख आज दुपटीहून अधिक झाली आहे. म्हणजे रोख संपलेली नाही. मात्र कल्याण-डोंबिवलीत स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या बाईला क्यूआर कोड लावल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण गिऱ्हाईक सुटे बाळगतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल जेमतेम ५४ टक्के महिलांकडे होता. तिचा कोड बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो. दिवसभर ती बसते, पैसे दुसऱ्याच्या फोनवर वाजतात.

आणखी एक गोष्ट आपल्या चळवळीत फारशी बोलली जात नाही. कोड स्कॅन केला की समोरच्याला खातेदाराचे पूर्ण नाव दिसते, आडनावासकट. नोट हातातून हातात जाते, तिला आडनाव नसते. घरगुती डबे किंवा पोळीभाजी विकणाऱ्या आपल्या भगिनीसाठी हा फरक लहान नाही. ज्या समाजात आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, तिथे डबा का बंद झाला हे कोणी तोंडावर सांगत नाही. आडनाव लपवावे असे मी म्हणत नाही; ते सांगायचे की नाही, हे तिने ठरवावे. व्यवसायाच्या नावाने व्यापारी खाते काढले तर दुकानाचे नाव दिसू शकते. त्यासाठी कागदपत्रे लागतात, बँकेत खेटे घालावे लागतात. तरुण कार्यकर्त्यांनी एका रविवारी विहारात टेबल टाकून हे काम केले, तर दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडेल.

तिथेच एक घरचा प्रश्नही विचारता येईल: जयंतीच्या वर्गणीच्या पत्रकावरचा क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचा आहे की खजिनदाराच्या?