हो, पणजोबांचं पिस्तूल मीच दिलं

हो, मीच दिलं. पोलिसांना अर्ज मीच लिहिला, पंचनाम्यावर सही माझी आहे आणि पावतीही माझ्याचकडे आहे. गेले तीन आठवडे घरात जी कुजबुज चालली आहे ("पुण्यात राहून अक्कल जरा जास्तच झालीय तिला") ती माझ्यापर्यंत व्यवस्थित पोचते आहे. फोनवर प्रत्येकाशी वेगवेगळं भांडत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. नातेवाईक मंडळींनी आधी पूर्ण वाचावं, मग शिव्या द्याव्यात. बाकीच्या वाचकांना आमच्या घरातलं भांडण फुकट वाचायला मिळतंय, त्यांनी मजा करावी :-)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं मूळ घर मंडणगड तालुक्यात. रत्नागिरी जिल्ह्याचं हे अगदी उत्तरेचं टोक, सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराची अर्धी कौलं गेली. तेव्हा पोटमाळ्यावरचं जे सामान घाईघाईने खाली आणलं ते माजघरातच पडून होतं. यंदा मे महिन्यात सगळे जमलो होतो म्हणून ते आवरायला काढलं. फणसाच्या लाकडाच्या एका पेटीत, जुनी पंचांगं आणि जमिनीचे कागद यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेलं ते निघालं. तळहातात मावेल एवढं पिस्तूल. एकावर एक अशा दोन आखूड नळ्या. सोबत तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत चार काडतुसं, हिरवी पडलेली.

मग काय, जत्राच. पणजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते, कुणा गोऱ्या खलाशाने दिलं असेल, असं आत्या म्हणाली. कोण म्हणालं पैजेत जिंकलं असेल. फोटो काढले गेले, न्यू जर्सीला दादाला पाठवले गेले, आणि अर्ध्या तासात त्याचा निरोप आला की हे डेरिंजर आहे, अँटिक आहे, जपून ठेवा!

या सगळ्या गडबडीत आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीव भाच्याने ते उचललं आणि धाकट्या बहिणीच्या कपाळाला लावलं. "हॅन्ड्स अप!" सगळे हसले. मीही हसले, हे कबूल करते. त्याचाही फोटो निघाला.

हसला नाही तो एकच माणूस. शेजारचे तात्या ओटीवर चहा घेत बसले होते. ते कप ठेवून उठले, मुलाच्या हातातून ते पिस्तूल अलगद घेतलं, तोंड भिंतीकडे केलं, जरा चाचपून बाजूची कळ फिरवली आणि नळ्या वर उचलल्या. डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "खालची नळी भरलेली हाय."

त्या वाक्यानंतर घरात जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. आता तुम्ही सगळे ती विसरलात आणि मला वारशाबद्दल सांगताय. म्हणून हा लेख.

मुद्दा पहिला. "अगं शंभर वर्षांचं आहे ते, त्यात काय जीव राहिलाय?"

हा शंभर टक्के चुकीचा विचार आहे आणि आपण सगळेच तो करतो. जुनं म्हणजे निरुपद्रवी. आजी म्हातारी झाली की तिचा राग हसण्यावारी नेतो ना, तसंच. पण बंदुकीचं म्हातारपण तिच्या वयावर नसतं, तिच्या दारूगोळ्यावर असतं. मी गेले तीन आठवडे यावर वाचते आहे, तेव्हा ऐका.

फिलाडेल्फियात हेन्री डेरिंजर नावाचा एक बंदूकवाला होता. तो एकच बार भरता येणारी, नळीच्या तोंडाने ठासायची, खिशात मावणारी पिस्तुलं बनवायचा. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकनना याच पिस्तुलाने गोळी घातली. ते सहा इंचसुद्धा लांब नव्हतं. एक बार झाला आणि पिस्तूल निकामी, पुढच्या माणसावर बूथला सुरा चालवावा लागला. पुढे वर्तमानपत्रांनी त्या कारागिराच्या नावात एक 'आर' जास्त घातला आणि असल्या सगळ्याच छोट्या पिस्तुलांना ते नाव पडलं. आपलं दोन नळ्यांचं आहे तो नमुना रेमिंग्टन कंपनीने १८६६ मध्ये काढला आणि १९३५ पर्यंत बनवला. त्यात .४१ चं आखूड काडतूस लागतं. गोळीचं वजन १३० ग्रेन, म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅम.

हे काडतूस नामशेष का झालं ते गमतीदार आहे. त्याला रिमफायर म्हणतात. ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, त्या दुमडलेल्या काठातच भरलेला असतो. घोडा त्या काठावर आपटतो आणि तो चेपून टाकतो. चेपलेला काठ पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे रिकामं टोपण घरी परत भरायची सोय जवळजवळ नाहीच. कारखान्याने बनवलं तर आहे, नाहीतर नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मूळ कारखान्यांनी ते बनवणं सोडलं आणि लाखभर पिस्तुलं एकदम मुकी झाली.

मुकी, मेलेली नव्हे! कारण जे काडतूस आधीच बनलेलं आहे, ते तर आहेच. आपल्या डबीत चार आणि नळीत एक. ते शंभर वर्षांनी उडेल की नाही? कदाचित नाही. पण त्या "कदाचित"च्या समोर आपल्या घरातलं एक कपाळ होतं.

मुद्दा दुसरा. दादाचा. "अँटिक आहे, गोळ्या बाजारात मिळत नाहीत, परवाना लागत नाही."

दादा, तू म्हणतोस तो तिकडचा कायदा आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरतात. म्हणजे बघ गंमत, एकाच कारखान्यातली दोन जुळी पिस्तुलं, तेच काडतूस, तीच नळी. १८९८ चं असेल तर शोभेची वस्तू आणि १८९९ चं असेल तर बंदूक. आपलं कुठल्या सालचं आहे ते तुला ठाऊक आहे का? मला नाही. इंग्लंडने दुसरी वाट धरली, ज्या काडतुसांचा जमाना संपला त्यांची यादीच केली. आणि २०२१ मध्ये त्यातली सात काडतुसं यादीतून बाहेर काढावी लागली, कारण "नामशेष" काडतुसं नव्याने बनवून गुन्हेगार ती जुनी पिस्तुलं वापरत होते.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या ४५ व्या कलमात जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, हे भाऊकाकांनी बरोबर शोधून काढलं. पण काका, वाक्य पूर्ण वाचा ना! ते शस्त्र दुरुस्त करूनही आणि न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. वयाचा उल्लेख नाही. गोळ्या बाजारात मिळतात की नाही याचाही नाही. आपल्या पिस्तुलाची कळ फिरते, घोडा ओढला जातो, नळीत काडतूस आहे. ते या सुटीत कसं बसणार? आणि बिनपरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आहे. ती काय दिवाणखान्याच्या भिंतीला होणार नाही, ज्याच्या नावावर घर आहे त्याला होईल. म्हणजे बाबांना.

"मग मला पाठवून द्या" हाही उपाय नको. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू असेल तर १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही. आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे ती अँटिक आहेच ना? :-)

मुद्दा तिसरा, आणि खरा राग याच्यावर आहे. वारसा. शौर्य. "इंग्रजांनी १८७८ मध्ये कायदा करून आपली हत्यारं काढून घेतली, तरी पणजोबांनी हे लपवून ठेवलं!" काकांनी त्याला मखमल लावून काचेची चौकट करायची ठरवलीच होती, सुतारालाही सांगून झालं होतं.

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते, पणजोबांनी ते का ठेवलं याचा एक तरी कागद आहे? एक पत्र? एक आठवण? आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातला अनंत कान्हेरे आठवा. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, लंडनहून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात तो फासावर गेला. विशीसुद्धा पाहिली नाही त्याने. त्याची किंमत त्याने मोजली. आपल्या पणजोबांनी पिस्तूल पंचांगाखाली ठेवलं आणि म्हातारपणी अंथरुणावर शांतपणे गेले. यात लाजण्यासारखं काही नाही. कुळथाची पिठी खाऊन, गोदीत ओझी वाहून त्यांनी घर उभं केलं, मला तर तेच शौर्य वाटतं. पण त्यांच्या अंगावर न शिवलेला सदरा आपण चढवू नये.

तेव्हा ते वस्तुसंग्रहालयाला द्यायचं होतंस, असं आत्या म्हणते. हा मात्र चांगला आक्षेप आहे, आणि तो मलाही टोचतो. ठाण्याच्या कपाटात ते गंजेल, कदाचित कधीतरी वितळवलंही जाईल. मला वाईट वाटतंच. पण बिनपरवाना वस्तू आधी कायद्यापुढे आणल्याशिवाय कुणालाच देता येत नाही, विकताही येत नाही. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी मूळ परवाना हवा. तो मी पेटीतला कागद न् कागद उलटून शोधला. नाही मिळाला. पुढे ते कुठल्या संग्रहालयात ठेवता येईल का, असं अर्जात विचारलं आहे. उत्तर आलं की कळवीन.

आता शेवटचं. हे लिहायला बसले ते खरं तर याच्यासाठी.

तात्यांकडे ठासणीची बंदूक आहे, परवान्याची. आपल्या १९५९ च्या कायद्यात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे, इतकी ती शेतकऱ्याची वस्तू मानली आहे. खरं तर पिस्तुलापेक्षा ती कितीतरी जुन्या पद्धतीची. वरून दारू, मग बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं, मागे केप लावायची. पण तिला कुठल्याही कारखान्याच्या काडतुसाची गरज नाही, म्हणून ती कधी कालबाह्य होतच नाही. रात्री भातात डुक्कर शिरलं की तात्या हवेत एक बार काढतात, कळप पळतो, पीक वाचतं. बस, एवढंच.

आणि त्यासाठी हा माणूस काय काय करतो! मुदत संपली की नूतनीकरणाचे हेलपाटे. निवडणूक लागली की सांगावा येतो, बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने जायचं, ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची. निकाल लागले की परत आणायची. मधल्या दिवसांत डुकरं काय आचारसंहिता पाळत नाहीत. त्यांना यात काही विशेष वाटत नाही. बंदूक आहे म्हणजे हिशोब द्यायचा, इतकं साधं.

आणि आपण? आपल्याकडे भरलेलं पिस्तूल निघतं, बिनपरवान्याचं, आणि आपल्या डोक्यात पहिला विचार येतो तो मखमलीचा. तात्यांची ती बंदूक, आणि आपलं ते अँटिक! त्यांची मोजायची, आपली मिरवायची. हेच पिस्तूल त्यांच्या घराच्या पेटीत सापडलं असतं तर आपणच ओटीवर बसून काय बोललो असतो? जरा स्वतःशी आठवून बघा. मी बघितलं. छान नाही वाटलं.

म्हणून अर्ज लिहिला. पोलीस घरी आले, पंचनामा झाला, साधारण दोन तास लागले. नळीतलं काडतूस तसंच होतं, त्याला हात लावू नका असं तात्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पंच म्हणून तेच उभे राहिले. जाताना मी पावती त्यांना दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून नीट वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "जपून ठेव. माझ्याकडं अशा लई हाईत, पाच वर्षांच्या येका ठिकाणी बांधून ठेवतो."

आपल्याकडे आत्ता ही पहिलीच आहे, काका. मखमल आणलीच असेल तर...

असो. गणपतीत भेटूच. मोदक करताना मनसोक्त भांडू.