डेल्फीच्या भिंतीवरील अट

डेल्फी हे नाव आमच्या वाचकांना सर्वस्वी अपरिचित नसावे. परमपूज्य बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी १९३६ साली जे भाषण लिहिले आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यात त्यांनी रोमच्या प्लेबियन लोकांचा दाखला दिला आहे. प्लेबियनांनी झगडून आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळविला. परंतु निवडलेला मनुष्य देवतेला मान्य आहे की नाही, याचा कौल डेल्फीचा, आणि कौल देणारे पुजारी सारे पॅट्रिशियन वर्गाचे! हक्क हाती आला, पण त्याचे फळ हाती आले नाही. धर्माची सत्ता ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर दुबळ्याचा राजकीय हक्क जगतो, हा त्या दाखल्याचा अर्थ. आज त्याच डेल्फीच्या दगडांवरील दुसरी एक साक्ष आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती गुलामांच्या मुक्तीची आहे, आणि ती मुक्ती देताना तिचा अर्धा भाग मालक कसा राखून ठेवीत, याचीही आहे.

ग्रीस देशात पार्नासस पर्वताच्या उतारावर अपोलो देवाचे हे क्षेत्र वसलेले होते. १८९२ पासून फ्रेंच संशोधकांनी तेथे मोठे उत्खनन केले. त्यासाठी त्या जागेवर उभे असलेले कास्त्री हे गाव दुसरीकडे हलवावे लागले. देवळाचा चौथरा तोलून धरणारी एक प्राचीन दगडी भिंत तेथे आहे. तिचे दगड वेड्यावाकड्या कडांचे, पण एकमेकांत घट्ट बसविलेले आहेत. या भिंतीवर आणि आसपासच्या दगडांवर लहान ग्रीक अक्षरांत हजाराहून अधिक मुक्तिलेख कोरलेले आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे २०० वर्षांपासून पुढील तीन शतकांतील हे लेख आहेत. त्यांत मुक्त झालेल्या प्रौढांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे.

या लेखांचा साचा ठरलेला असे. अमुक मालकाने अपोलो देवास एक ‘स्त्रीदेह’ अथवा एक ‘पुरुषदेह’ विकला; त्याचे नाव हे, मूळ देश हा, किंमत इतके मिना चांदी; ती किंमत मालकास पोचली. पुढे जामीनदाराचे नाव आणि साक्षीदारांची नावे. मनुष्य हा शब्द तेथे नाही. देह विकला गेला, एवढीच नोंद आहे.

आता प्रश्न असा की, किंमत कोणी दिली? देवाने दिली काय? देवाच्या खजिन्यातून एक दमडीही बाहेर पडली नाही. ती चांदी गुलामाचीच होती. वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन साठविलेली, नाहीतर कोणाकडून उसनी आणलेली. परंतु गुलामाला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. म्हणून त्याने आपला पैसा देवाच्या नावावर द्यावा, देवाने त्याला विकत घ्यावे आणि मग तो मुक्त व्हावा, असा हा व्यवहार. घाम गुलामाचा, पैसा गुलामाचा, आणि दातृत्वाचा मान देवाचा! एका लेखात अँटिगोना नावाची ज्यू स्त्री आणि तिच्या थिओडोरा व डोरोथिआ या दोन मुली यांच्या मुक्तीची नोंद आहे. तिघींची किंमत सात मिना चांदी. ज्या स्त्रीच्या धर्मात अपोलोला स्थान नाही, तिलाही आपली सुटका अपोलोच्या नावे करून घ्यावी लागली.

असे असूनही काही जण म्हणतात की, धर्माने गुलामांवर दया केली. देऊळ नसते तर हे लोक सुटलेच नसते. या भिंतीचा गुलामांना उपयोग झाला, हे आम्ही नाकारीत नाही. मुक्ती चारचौघांसमक्ष दगडावर कोरली गेल्यामुळे मालकाच्या वारसाला ती सहज नाकारता येत नसे. मुक्त झालेल्याला कोणी पुन्हा पकडू लागला, तर जामीनदाराने त्याचे रक्षण करावे, आणि तेथे हजर असलेल्या कोणाही माणसाने त्याला सोडवावे, सोडविणाऱ्यावर फिर्याद चालणार नाही, असेही पुष्कळ लेखांत लिहिले आहे. लिहिलेल्या हक्काची किंमत त्या गुलामांना नीट कळली होती. परंतु उपयोग आणि दया या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्याने स्वतःची किंमत स्वतः मोजली, त्याच्यावर दया कोणी केली?

दयेचे खरे स्वरूप तर लेखाच्या पुढल्या ओळींत उघडे पडते. तिने वाटेल ते करावे, वाटेल तिकडे जावे, तिला जन्मभर कोणी धरू नये, असे आधी लिहिलेले असते. आणि त्यानंतर अनेक लेखांत एक अट येते. ग्रीक भाषेत तिला ‘परामोने’ म्हणत. म्हणजे जवळ राहणे. मालक जिवंत असेपर्यंत मुक्त झालेल्या व्यक्तीने त्याच्याजवळ राहावे, सांगितलेले सर्व काम करावे. न केल्यास मालकाने वाटेल ती शिक्षा करावी, मात्र विकू नये. काही लेखांत तर मोकळे होण्यासाठी आपल्याऐवजी एक मूल मालकाच्या घरी द्यावे, अशी अट आहे. काळ जसजसा पुढे गेला, तसतसे अशा अटींचे प्रमाण वाढत गेले. नाव मुक्ताचे आणि पाठ गुलामाची! पहिल्या ओळीत दिलेले स्वातंत्र्य खालच्या ओळीत परत घेण्याची ही विद्या आहे.

त्याच डेल्फीत एक रोमन लेखही सापडला आहे. मॅसिडोनियाचा राजा पर्सियस स्वतःच्या पुतळ्यासाठी तेथे स्तंभ उभारीत होता. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये पिडना येथे रोमन सेनापती एमिलियस पॉलस याने त्याचा पराभव केला आणि त्याच स्तंभावर स्वतःचा अश्वारूढ पुतळा चढविला. पर्सियस आणि मॅसिडोनियन यांच्याकडून आपण हे जिंकून घेतले, एवढीच ओळ त्यावर लॅटिनमध्ये आहे. कालपर्यंत राजा असलेला पर्सियस रोमच्या रस्त्यांवरून बंदी म्हणून चालविला गेला. आणि पुढच्याच वर्षी याच सेनापतीच्या सैन्याने एपायरस प्रांतातील सत्तर गावे लुटून दीड लाख माणसे गुलाम केली, असे प्राचीन इतिहासकारांनी नमूद केले आहे. ही संख्या स्तंभावर नाही. गुलाम करणाऱ्याचा स्तंभ उंच, आणि गुलामांची नावे भिंतीवर बारीक अक्षरांत!

या दोन लेखांना एकत्र ठेवले म्हणजे भगवान बुद्धांच्या एका संवादाची आठवण होते. वर्ण ब्रह्मदेवाने निर्माण केले आणि ब्राह्मण जन्मानेच श्रेष्ठ, असा दावा घेऊन अस्सलायन नावाचा तरुण ब्राह्मण श्रावस्तीत त्यांच्याकडे आला. भगवंतांनी त्याला विचारले की, योन आणि कंबोज देशांत मालक व दास असे दोनच वर्ण आहेत, आणि तेथे मालकाचा दास व दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस काय? त्याला ‘होय’ म्हणावे लागले. योन म्हणजे ग्रीक लोक. डेल्फीचा स्तंभ सांगतो की राजाही बंदी होतो. डेल्फीची भिंत सांगते की दासही मुक्त होतो. जे माणसे बनवितात आणि माणसे मोडतात, ते ब्रह्मदेवाच्या मुखातून आलेले नसते. भगवंतांचा हा युक्तिवाद ग्रीसच्या दगडांनीही खरा केला आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. ग्रीसच्या गुलामाला किंमत मोजून सुटण्याची एक वाट तरी होती. अस्पृश्याला कोणती किंमत मोजून स्पृश्य होता येत होते? कोणत्या देवळाच्या भिंतीवर त्याची सुटका कोरली जात होती? त्याला तर देवळाच्या भिंतीला हात लावण्याचीही मनाई होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना जी दीक्षा दिली, तिचे मोठेपण येथे आहे. तेथे विकणारा मालक नव्हता, विकत घेणारा देव नव्हता आणि जामीनदारही नव्हता. माणसांनी आपल्या मुखाने बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि ती माणसे मुक्त झाली. त्या प्रतिज्ञांत ‘जवळ राहावे’ अशी ओळ नाही.

परंतु ती ओळ बाहेरून आमच्या मुक्तीखाली लिहिण्याचा प्रयत्न सतत झाला आहे. महारवतन हे आमचे परामोने होते. तुकडाभर जमीन आणि बलुत्याची भाकर यांच्या मोबदल्यात सारे गाव आणि सारे सरकार आमच्या घराचे मालक झाले होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले, तरी ‘पूर्वापार चालत आले आहे’ असे म्हणून मेलेले ढोर ओढायला आणि मयताचा सांगावा न्यायला बोलावणारे लोक लगेच गेले नाहीत.

दुसरे परामोने कायद्याच्या भाषेत होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे त्यांत शीख आले. बौद्धांचा समावेश मात्र १९९० मध्ये झाला. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षे बौद्धाला सांगितले जात होते की, तू मुक्त आहेस, वाटेल तिकडे जा. पण केंद्राच्या सवलती हव्या असतील तर आमच्याजवळ राहा! डेल्फीच्या मालकांना ही भाषा चांगली समजली असती.

आणि तिसरे परामोने आमच्याच घरात आहे. याबद्दल स्पष्ट लिहिणे हे आमचे कर्तव्य आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांची तसबीर, आणि कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेले मरीआईचे आणि खंडोबाचे टाक! मंगल परिणय बौद्ध पद्धतीने, आणि मुहूर्त भटाच्या पंचांगातून! धम्मबंधू म्हणून एकत्र बसायचे, आणि सोयरीक जुळविताना पोटजात विचारायची! हे टाक, हे पंचांग, ही पोटजात आम्हांला पकडून ठेवणाऱ्या मालकाची नाहीत. मालक गेला, आणि आम्ही आपण होऊन त्याच्या घरी राहिलो आहोत. डेल्फीच्या त्या दासीला राहणे भाग होते. आम्हांला काय भाग आहे?

नवदीक्षित कुटुंबांना आमचे सांगणे असे. त्या गुलामांनी आपली सुटका दगडावर लिहून घेतली, कारण तोंडी मुक्ती दुसऱ्या पिढीत हरवते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दगडात कोरलेल्या आहेत. तुमच्या घरी त्या निदान कागदावर असाव्यात आणि मुलांना तोंडपाठ असाव्यात. जनगणनेच्या तक्त्यात धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे स्वतः सांगून लिहवून घ्या. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या भारतात सुमारे १ लाख ८० हजार बौद्ध नोंदले गेले. १९६१ मध्ये ती संख्या ३२ लाखांवर गेली, त्यांपैकी सुमारे २७ लाख ९० हजार महाराष्ट्रात होते. ही वाढ कोणा देवाच्या कौलाने झाली नाही. घराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या साध्या माणसांनी नोंदणी करणाऱ्याला सरळ सांगितले, म्हणून ती झाली.

लिहून घ्या, पण लिहिताना खाली कोणतीही अट लिहू देऊ नका. गावाने सांगितली तरी नको, सरकारने सांगितली तरी नको, आणि घरातल्या जुन्या सवयीने सांगितली तर मुळीच नको. जो मुक्त झाला त्याने मालकाच्या घरातून निघाले पाहिजे.