वस्त्रांवरून पारख

दाभाडे सेनापतींचे तळेगाव आता महाविद्यालयांचे आणि औद्योगिक वसाहतीचेही गाव झाले आहे. संध्याकाळच्या लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीत कंपनीच्या गणवेशातला कामगार असतो, नऊवारी नेसलेली मावळातली आजी असते आणि गुडघ्यावर फाटलेली जीन्स घातलेली अभियांत्रिकीची विद्यार्थिनीही असते. पहिल्या दोघांविषयी कोणाला काही म्हणायचे नसते. तिसरीचे शील, घराणे आणि तिच्यावरचे संस्कार यांचा निवाडा मात्र ती स्थानकाबाहेर पडण्याआधीच झालेला असतो. तिच्याच वर्गातला, तशीच जीन्स घातलेला मुलगा या निवाड्यातून बहुधा सुटतो. संस्कृतिरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनी आधी या तफावतीकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

हा प्रश्न वरवरचा नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलीविषयीचे शेरे घरी पोहोचले, की काही घरांत तिचे शिक्षण थांबवून स्थळे पाहण्याची घाई सुरू होते. शेरा मारणारा विसरून जातो. मुलीचे वर्ष, कधीकधी सारे आयुष्य, त्यात जाते.

ज्याला आपण परंपरागत पोशाख म्हणतो, त्याचे वय तरी किती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगरकरांना ‘सुधारका’तून, स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, असे प्रतिपादन करावे लागले. ज्या मुद्द्यासाठी तेव्हा लेखणी झिजवावी लागली, तो लांब बाह्यांचा झंपर पुढे सोज्वळपणाची खूण ठरला. नऊवारीची जागा पाचवारीने घेतली, तेव्हाही नाके मुरडली गेलीच. आणि आज ज्याला ‘सभ्य’ वेष म्हणून प्रशस्तिपत्र मिळते, तो सलवार-कमीज आपल्याकडे ‘पंजाबी ड्रेस’ या नावानेच आला. परका होता म्हणून तर ते नाव पडले!

फाटक्या कपड्यांचेच म्हणाल, तर याच तळेगावात वास्तव्य केलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी ज्यांच्या सहवासात राहिले, त्या गाडगे महाराजांचे रूप आठवावे. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर. पाहणाऱ्याला प्रथम भिकारीच वाटावा! वेषावरून माणूस जोखण्याचा आपला आग्रह किती तोकडा आहे, हे महाराष्ट्राला त्यांच्याइतके कोणी शिकवले नसेल.

अर्थात, त्या चिंध्या वैराग्याच्या होत्या आणि आजची जीन्स कारखान्यात मुद्दाम फाडून, दामदुप्पट किमतीला विकली जाते. ज्याला तरुण ‘माझी अभिव्यक्ती’ म्हणतात, ते पुष्कळदा कोणा जाहिरातदाराने ठरवलेले असते. एकाच दुकानातून एकाच छापाचे कपडे घेणाऱ्या शंभर जणांत व्यक्तित्व शोधायचे कुठे? हे तरुणांना सांगितलेच पाहिजे. परंतु तो खर्चाचा आणि अनुकरणाचा मुद्दा आहे. त्याचे चारित्र्याशी नाते जोडण्याचे कारण नाही.

वेषाला मर्यादाच नसावी, असेही आम्ही म्हणत नाही. यंत्रावर काम करताना लोंबती ओढणी किंवा सैल बाही चालत नाही. तिथला नियम कोणी अन्याय मानत नाही, कारण त्याचे कारण डोळ्यांसमोर फिरत असते. देवळाचेही पावित्र्य असते. मात्र मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या मंदिरात वस्त्रसंहितेचे फलक लागले आणि विरोध होताच लगेच हटवले गेले, तेव्हा भाविकांच्या पदरी गोंधळच पडला. त्या फलकावर हाफ पँटलाही मनाई होती. संघाच्या कित्येक पिढ्यांनी अर्ध्या चड्डीतच राष्ट्रकार्य केले, हे फलक लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे!

त्या गणवेशाचीच गोष्ट पाहा. १९२५ मध्ये सुरू झालेल्या संघातला खाकी सदरा १९४० मध्ये पांढरा झाला. मार्च २०१६ मध्ये नागौर येथील प्रतिनिधी सभेत अर्ध्या चड्डीऐवजी तपकिरी फुलपँट स्वीकारण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षीच्या विजयादशमीला ती अंगावर चढली. काही ज्येष्ठांना हळहळ वाटली असेल. पण शाखा थांबली नाही. जी संघटना स्वतःचा वेष विचारपूर्वक बदलू शकते, तिच्या कार्यकर्त्यांनी शेजारच्या मुलीच्या जीन्सने संस्कृती बुडेल, असे म्हणणे शोभत नाही.

नव्या शैक्षणिक वर्षात तळेगाव-चाकण परिसरातील एखाद्या महाविद्यालयाला पोशाखाचा नियम करायचाच असेल, तर तो विद्यार्थ्यांना बसवून करावा, मुलामुलींना सारखा लावावा आणि त्याचे कारण लिहून द्यावे. शंका आली तर प्राचार्यांनी स्वतः बोलावून समजावावे. फाटकावरच्या रखवालदाराला मुलींचे कपडे न्याहाळण्याचे काम देऊ नये, आणि परीक्षेच्या दिवशी तर कोणालाही वेषावरून परत पाठवू नये.