भरवसा उदगीरहून मोजावा

सोयाबीन-तुरीचा पैसा हातात आला, घरात खाणारी तोंडं सात-आठ असली आणि दसरा जवळ आला, की उदगीरमध्ये मोठ्या गाडीचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा एका वाक्यात मिटतो : "घ्यायची तर इनोव्हाच घ्या, बाकी सगळा पत्रा आहे बगा." असं सांगणाऱ्याच्या दारात बहुधा मोटरसायकल उभी असते. तरी चौकात त्याला कुणी आडवं जात नाही. म्हणून इथे जातो.

आधी प्रतिपक्षाचं जेवढं खरं तेवढं त्याच्या पदरात टाकतो. टोयोटाने २००० साली क्वालिस आणली, पुढे ती चांगली खपत असतानाच बंद केली आणि २००५ मध्ये इनोव्हा उतरवली. त्या गाडीच्या अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाकडून महाराष्ट्रातल्या टूरवाल्यांनी जे काम करून घेतलं, ते कुणी नाकारणार नाही. टूरवाला हौसेखातर गाडी घेत नाही, त्याला हप्ता फेडायचा असतो. एवढ्या लोकांनी खिशातले पैसे घालून दिलेली साक्ष खोटी कशी म्हणणार?

साक्ष खरी आहे, पण ती कशाची आहे हे तपासायला हवं. टूरवाल्याची गाडी रोज लांब पल्ल्याला पळते, इंजिन तापून स्थिर चालतं, ऑइल वेळेवर बदललं जातं, कारण गाडी उभी राहिली की चूल विझते. आपली घरची गाडी आठवडाभर शेडमध्ये असते, शाळा आणि मोंढा एवढीच धावते, आणि वर्षातून चार-पाचदा तुळजापूर, माहूर, तिरुपती अशी एकदम ताणली जाते. शिवाय चौकात आपल्याला दिसतात त्या टिकलेल्या गाड्या. ज्यांचं इंजिन बसलं त्या भंगारात गेल्या, त्यांची साक्ष कुणी काढत नाही.

दुसरं म्हणजे, नाव तेच राहतं आणि गाडी बदलते. ज्या इनोव्हाने हा लौकिक कमावला ती चासीवर बॉडी बसवलेली, मागच्या चाकांना जोर देणारी डिझेल गाडी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवलेल्या इनोव्हा हायक्रॉसला वेगळी चासी नाही, तिला पुढची चाकं ओढतात आणि तिच्यात डिझेल इंजिन मिळतच नाही. पेट्रोल आहे, हवं तर सोबत हायब्रिडची बॅटरी. गाडी उत्तम असेल, मी तिला नावं ठेवत नाही. पण क्वालिसच्या पुण्याईवर तिला गुण देणं हे आजोबांच्या मार्कशीटवर नातवाला प्रवेश देण्यातलं आहे. महिंद्राचंही तेच. २००२ ची स्कॉर्पिओ आणि २०२२ ची स्कॉर्पिओ-एन यांत नावापलीकडे फारसं काही सामाईक नाही, तरी जुनीला शिव्या घालणारे नवीला टाळतात आणि जुनीवर जीव टाकणारे नवी डोळे झाकून बुक करतात.

मोठं नाव निर्दोष असतं हा समजही टिकत नाही. टोयोटा समूहात इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गडबड केल्याचं जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आलं. त्यापायी भारतातही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची पाठवणी काही काळ थांबली. रस्त्यावरच्या गाड्या वापरणं थांबवायची गरज नाही, असं कंपनीने सांगितलं, ते मान्य करू. देवाच्या जागी बसवलेल्या कंपनीतही माणसंच काम करतात, एवढंच यातून घ्यायचं.

आपल्या उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल कसा घेतात ते आठवा. देवणी जात साऱ्या मुलखात नावाजलेली, तिचं माहेर इथून हाकेच्या अंतरावर. म्हणून काय देवणी म्हटल्यावर कुणी डोळे झाकून दावं हातात धरतो? तोंड उघडून दात पाहतात, चालवून पाय पाहतात, खांदा चाचपतात. पन्नास-साठ हजारांच्या जनावराला ही तपासणी, आणि वीस लाखांच्या गाडीला मात्र मेव्हण्याच्या शब्दावर पसंती.

आता दुसरा पक्ष. हा पहिल्यापेक्षा शहाणा आहे, म्हणून त्याच्याशी जास्त वेळ बोलावं लागेल. तो म्हणतो, "भरवशाची गाडी म्हणजे जी नाक्यावरचा मिस्त्री पान्याने दुरुस्त करतो ती. सेन्सरवाली नको. टवेरा घ्या, बोलेरो घ्या." यात मोठं तथ्य आहे. गाडी किती वेळा बिघडते एवढंच पाहून भागत नाही, बिघडल्यावर किती दिवस उभी राहते हेही पाहावं लागतं. इथे एक गंमत आहे. जी गाडी गावात खूप आहे आणि वरचेवर काम काढते, तिचा प्रत्येक भाग स्पेअर पार्टच्या दुकानात फळीवर असतो. जी क्वचित बिघडते तिचा भाग कुणी ठेवत नाही, तो मागवावा लागतो. न बिघडणं आणि लवकर दुरुस्त होणं हे दोन गुण एका गाडीत सुखाने नांदतातच असं नाही. पुण्यात बसून गाडीची परीक्षा लिहिणाऱ्याला हा पेच पडत नाही, कारण त्याच्या घराभोवती चार वर्कशॉप असतात. उदगीरकराला पडतो. मोठं काम निघालं तर टोचन करून लातूरला न्यायची की नांदेडला, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि भाग येईपर्यंत गाडी तिथेच.

पण या पक्षाची आवडती टवेराच त्याच्याविरुद्ध उभी राहते. इसुझूच्या घडणीचं तिचं इंजिन दणकट, याबद्दल टॅक्सीवाल्यांत दुमत नव्हतं. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ पासून बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, कारण धुराच्या चाचण्यांत कंपनीच्याच माणसांनी हेराफेरी केली होती. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू, असंही सांगितलं, पण शोरूमची पाटी उतरली की जुन्या गाडीचा भाव त्याच दिवशी उतरतो. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करण्याचं ठरवलं, तेव्हा एन्डेव्हरवाल्यांनी तेच पाहिलं. इंजिनात दम असला तरी कंपनीचा पाय या देशात घट्ट आहे का, हा भरवशाचाच भाग आहे, आणि मिस्त्रीच्या पान्याने तो आवळता येत नाही.

शिवाय साधेपणाच्या या प्रेमात माणसांचा जीव मोजलेला नसतो. एक्सयूव्ही-७०० ला २०२१ मध्ये आणि स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, अर्टिगाला २०२४ मध्ये एक. रात्रीच्या वेळी विनादिव्याची उसाची ट्रॉली समोर आली, तर गाडी 'बंद पडत नाही' हा गुण कुणाच्या कामी येणार?

"पण त्याच एक्सयूव्ही-७०० च्या लाखभर गाड्या परत बोलावल्या होत्या की!" होय, ऑगस्ट २०२३ मध्ये, इंजिनाच्या कप्प्यातल्या वायरिंगच्या तपासणीसाठी. रिकॉल म्हणजे खोट, असं धरणाऱ्याने उलटा विचार करावा. सापडलेला दोष कंपनी फुकट काढून देते आहे. धोका त्या सेकंडहँड गाडीत आहे जिच्या पहिल्या मालकाने ते काम करूनच घेतलं नाही. चासी नंबर देऊन ते विचारता येतं, पण विचारणारे थोडे.

सेन्सरच्या भीतीत मात्र एक गोष्ट खरी आहे, आणि नेमकी तीच शोरूममध्ये कुणी धड सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ एका वेगात चालावी लागते. आता उदगीरच्या घरगुती गाडीचा दिवस पाहा : घर ते शाळा, शाळा ते दुकान, संध्याकाळी शेतापर्यंत पाच-सहा किलोमीटर. काजळी जळायला लागते न लागते तोच चावी फिरते. पुढे डॅशबोर्डवर दिवा लागतो. "लागू दे, गाडी तर चालती की," म्हणून महिनाभर तसंच. मग एके दिवशी गाडी ओढच घेईनाशी होते, घाटात ट्रॅक्टर पुढे जातो, आणि मालक गावभर सांगतो की कंपनी बेकार निघाली. गाडी निर्दोष असते, तिला दिलेलं काम चुकीचं असतं. "डिझेल म्हणजे दम" हे म्हणणं बीएस-४ पर्यंत ठीक होतं. आज ज्याची गाडी आठवड्यातून एकदा तरी लातूर किंवा बिदरला धावत नाही, त्याने मोठी डिझेल गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग तिच्यावर कुणाचंही नाव असो.

तिसऱ्या पक्षाचं, रीसेलवाल्यांचं, थोडक्यात आटपतो. जुन्या गाडीला येणारा भाव हा लोकांच्या समजुतीचा भाव असतो. समजूत बरोबर असेल तर भावही बरोबर. मुळात समजूतच तपासायची असताना तिचाच दाखला देऊन उपयोग नाही.

यावर एक रास्त आक्षेप उरतो. जर्मनीत सक्तीच्या तपासणीवरून कोणत्या गाडीत काय दोष निघतात याचा अहवाल दरवर्षी छापला जातो, अमेरिकेत ग्राहक संस्था सभासदांना विचारून वर्षवार तक्ते काढते. आपल्याकडे खासगी गाडी नोंदणीनंतर १५ वर्षं फिटनेसला जात नाही, मग साध्या माणसाने नावावर विसंबायचं नाही तर कशावर? माझं उत्तर : आकडे छापलेले नाहीत, पण ते गावात आहेत. स्टँडवरच्या ड्रायव्हरला 'गाडी कशी आहे' विचारलं तर तो 'लई भारी' म्हणणार, कारण ती त्याने घेतलेली आहे. त्याला विचारावं, मागच्या वर्षी कशाकशाला पैसे घातले? क्लचप्लेट किती किलोमीटरला बदलली, टर्बोला हात लागला का, एसीचा कॉम्प्रेसर मे महिन्यात दगा देतो का? आणि हे सगळं त्याच इंजिनाच्या, त्याच सालच्या गाडीबद्दल. स्पेअर पार्टवाल्याला विचारावं की या गाडीचं काय सारखं खपतं आणि काय मागवावं लागतं, मागवलं तर किती दिवसांत येतं.

सेकंडहँड असेल तर मिस्त्री सोबत न्यावा, आणि गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर तिथेच शंका घ्यावी. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून पाहावं. भकाभका धूर वर आला तर पिस्टन-रिंगचं काम जवळ आलंय. मीटर साठ हजार दाखवतं आणि क्लच-पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालंय, तर खोटं कोण बोलतंय हे सांगायला जाणकार लागत नाही.

"मग घ्यायची कोणती, ते सांगा." गावातच जास्त फिरणारं घर असेल तर पेट्रोल सात-सीटर, आणि तिच्या तिसऱ्या रांगेत म्हाताऱ्या माणसाला बसवून पाहूनच. लातूर-हैदराबाद-पुणे सतत चालू असेल तर कागदपत्रांसकट सर्व्हिस झालेली डिझेल क्रिस्टा, तिथे चौकातलं वाक्य बरोबर आहे. आणि जत्रेला बारा माणसं, दोन पोती आणि स्वयंपाकाची भांडी न्यायची म्हणून कुणी मोठी गाडी घेत असेल, तर त्याने ती घेऊ नये. सात जणांच्या गाडीत बारा कोंबले की टायर, ब्रेक आणि शॉकअप यांच्या भरवशाचा हिशोबच संपतो, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी माणसं मोजते. तेवढ्यासाठी वर्षातून दोनदा क्रुझर भाड्याने सांगावी, ड्रायव्हरसकट.