हिरड्या आणि यकृत: केंद्रीय आरोग्य मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालय, नवी दिल्ली

हिरड्यांचा जुनाट आजार, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला पायोरिया, तोंडापुरता राहत नाही. दाताच्या मुळाशी किटण साचते, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये खोबण तयार होते. निरोगी हिरडीत ती ३ मिलिमीटरपर्यंत असते. आजार वाढला की ५-६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल जाते. तळाशी प्राणवायू जेमतेम पोहोचतो आणि तिथेच ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जिवाणू फोफावतो. दुखणे फारसे नसल्याने उपचार वर्षानुवर्षे लांबतात. यकृताचेही असेच आहे. त्याच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली तरी त्रास जाणवत नाही, आणि फॅटी लिव्हरचा शोध अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत लागतो.

हे जिवाणू व त्यांची विषे यकृतापर्यंत दोन वाटांनी पोहोचू शकतात. एक वाट रक्ताची: सुजलेल्या खोबणीचे अस्तर फाटलेले असते, त्यामुळे चावताना किंवा दात घासतानाही जिवाणू रक्तात शिरतात. दुसरी आतड्याची: लाळेबरोबर ते सतत गिळले जातात. उंदरांवरील प्रयोगांत या जिवाणूमुळे आतड्यातील जिवाणूंची घडी बिघडली आणि रक्तातील अंतर्विष वाढले. आतड्यातून निघालेले रक्त प्रवेशिका शिरेने थेट यकृतात येते, म्हणून तिथला बिघाड यकृताला लगेच भोवतो. शिवाय हिरड्यांतील सततच्या दाहामुळे इन्सुलिनला होणारा प्रतिसाद मंदावतो, आणि त्यातून यकृतात चरबी साठण्यास वाव मिळतो.

मानवी पुरावा मुख्यतः जपानमधून आला. योकोहामा येथील संशोधकांनी २०१२ मध्ये फॅटी लिव्हरचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांची तुलना केली, तेव्हा हा जिवाणू रुग्णांपैकी ४६.७ टक्क्यांच्या, तर निरोगी गटातील २१.७ टक्क्यांच्या तोंडात आढळला. त्याच अभ्यासात १० रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताची विकरे उतरली. दहा रुग्ण म्हणजे फार थोडे. पुढे २०२२ मध्ये तिथल्याच गटाने यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली: एका गटाचे किटण खरवडून दातांची मुळे साफ केली, दुसऱ्याला फक्त ब्रश करण्याचे प्रशिक्षण दिले. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातील एसजीपीटी अधिक घटले होते.

तरीही हिरड्यांमुळेच फॅटी लिव्हर होतो, असे सिद्ध झालेले नाही. मधुमेह, लठ्ठपणा व तंबाखू दोन्ही आजारांच्या मुळाशी दिसतात, आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत त्यांचा प्रभाव पूर्णपणे वेगळा काढणे कठीण असते. महाराष्ट्रात तर भाजलेल्या तंबाखूची मिशरी दात घासण्यासाठीच वापरली जाते, विशेषतः ग्रामीण स्त्रियांत. दात स्वच्छ होतात या समजुतीने हिरड्यांचा नाश होतो. विकरे उतरली म्हणजे यकृतातील व्रण भरले, असेही म्हणता येत नाही. पण हिरड्यांच्या उपचारासाठी हा पुरावा पुरा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या उपचाराने दात वाचतातच, आणि मधुमेहींमध्ये तीन-चार महिन्यांत रक्तशर्करेचे मोजमाप असलेले एचबीए१सी सुमारे ०.४ टक्क्याने घटते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे.

मंत्रालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. हा दूरदृष्टीचा निर्णय होता. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. दोन्ही एकाच मंत्रालयाचे, आणि ज्या मधुमेही व तंबाखू खाणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचायचे तीही बरीचशी तीच. तेव्हा मौखिक तपासणीचे स्थान तोंडाच्या कर्करोगाच्या शोधापुरते राहू नये. आशा कार्यकर्तीने घरोघरी जोखीम नोंदवताना हिरड्यांतून रक्त येते का आणि दात हलतात का, हे दोन प्रश्न विचारावेत. असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात फॅटी लिव्हर वा मधुमेह आढळलेल्या प्रत्येकाला दंतचिकित्सकाकडे धाडण्याची लेखी सूचना असावी. हिरडीतील खोबणीची खोली मोजायला जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली गोल टोकाची, ३.५ ते ५.५ मिलिमीटरवर काळा पट्टा असलेली सळई पुरते. उलट दिशेनेही सोय हवी: पायोरिया गंभीर असलेल्या, कमरेचा घेर वाढलेल्या रुग्णाची रक्तशर्करा व यकृताची विकरे तपासली जावीत.

भारतीय रुग्णांवरील मोठी, दीर्घ चाचणी ही यापुढची गरज आहे. तिच्यात विकरांबरोबर यकृताचा कडकपणा फायब्रोस्कॅनने मोजला जावा, आणि तंबाखू, मिशरी व मधुमेहाची नोंद सुरुवातीपासून काटेकोर असावी. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय वैद्यकीय महाविद्यालयाच्याच आवारात आहे; अशा ठिकाणी पोटविकार आणि दंत विभागांनी मिळून हे काम सुरू करावे आणि त्यासाठी मंत्रालयाने निधी द्यावा.