कॅमेरा स्वस्त झाला, उजेड नाही

घरात सिनेमाचे वेड घेतलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर एक वाद तुमच्या परिचयाचा असेल. चार मित्र मिळून लघुपट करायचे ठरवतात आणि पहिली मागणी येते ती कॅमेऱ्याची. एक पक्ष म्हणतो, सिनेमाचा खरा कॅमेरा असल्याशिवाय चित्राला पडद्याची प्रत येत नाही. दुसरा म्हणतो, कॅमेऱ्यात काय आहे? गोष्ट चांगली हवी. फोटोच्या कॅमेऱ्यावरही सिनेमा होतो. आईवडील बिचारे खिशाकडे पाहत राहतात. मला दोन्ही पक्ष अर्धे बरोबर वाटतात, आणि अर्ध्या बरोबर उत्तरावर खर्च केलेला पैसाच सर्वांत महाग पडतो.

आधी दुसऱ्या पक्षाची बाजू. २००८ साली निकॉनच्या डी-९० या फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओची सोय आली आणि लगोलग कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू बाजारात आला. अमेरिकेत त्याची किंमत २,७०० डॉलरच्या घरात होती. प्रतिमा टिपणारा त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे सिनेमाच्या नेहमीच्या फिल्मवरील चौकटीहूनही मोठा. त्यामुळे चेहरा ठसठशीत आणि मागचे सारे धूसर, असे सिनेमासारखे चित्र प्रथमच सामान्य माणसाच्या हाती आले. २०१० मध्ये ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला. आपल्याकडे अमोल गुप्ते यांनी ‘स्टॅनली का डब्बा’ (२०११) कॅननच्या सेव्हन-डी कॅमेऱ्यावर केला. छायालेखन अमोल गोळे यांचे. शाळकरी मुले शनिवारी कार्यशाळेला येत आणि तिथेच चित्रण होई. सिनेमाचा अवजड कॅमेरा समोर उभा केला असता, तर त्या मुलांचा तो मोकळेपणा टिकला असता का?

मग जर्मनीच्या एरी कंपनीचा, २०१० सालचा, पन्नास हजार डॉलरांहून महाग ॲलेक्सा लोक का घेत होते? सेन्सर तर फाइव्ह-डीहून लहान! इथे पहिल्या पक्षाचे म्हणणे ऐकायला हवे. फाइव्ह-डी मार्क टू फोटो काढताना २ कोटी १० लाख बिंदू टिपत असे. व्हिडिओची चौकट साधारण २० लाख बिंदूंची, पण ती सेकंदाला तीस वेळा हवी. इतक्या वेगाने सगळा सेन्सर वाचणे त्या यंत्राला झेपत नव्हते, म्हणून ते मधल्या ओळी गाळून वाची. परिणाम? बारीक चौकड्यांचा शर्ट, साडीची नाजूक वीण किंवा विटांची भिंत समोर आली की त्यावर रंगीत लाटा उठत. कॅमेरा झटक्याने फिरवला की रस्त्यावरचे विजेचे खांब तिरपे दिसत.

दुसरा फरक हिशेबाचा आहे, आणि आयुष्य बँकेत गेल्यामुळे तो मला चटकन उमजतो. या स्वस्त कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. ॲलेक्साच्या उत्तम नोंदीत ४,०९६. शिवाय स्वस्त कॅमेरा उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूला ठेवतो, पण रंगाची चार बिंदूंमागे एकदाच. पडद्यावर पाहताना हे लक्षातही येत नाही. पण संकलनाच्या वेळी संध्याकाळचे आभाळ थोडे गडद करायला जावे, तर त्यावर पट्टे उमटतात. खातेवहीत सगळ्या रकमा पूर्ण रुपयांत लिहिल्या, की पुढे कितीही हुशार हिशेबनीस बसवा, गेलेले पैसे त्याला सापडायचे नाहीत. तसेच हे.

तिसरा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. एकाच चौकटीत दाट सावली आणि प्रखर ऊन दोन्ही सांभाळण्याची ताकद ॲलेक्सात सुमारे चौदा स्टॉपची आहे. दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे सोळा हजारांहून अधिक पट अंतर. फाइव्ह-डीचा व्हिडिओ याच्या बराच मागे राही. आता आपल्याकडचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. वैशाखातली दुपार, पांढरे धोतर, पांढरी टोपी आणि उन्हाने रापलेला सावळा चेहरा. चेहरा नीट घ्यावा तर धोतराचा पांढरा डाग होतो. धोतर सांभाळावे तर चेहरा काळवंडतो. ज्याच्यावर सिनेमा काढायचा, त्याचेच डोळे दिसेनासे होतात.

म्हणजे गंमत अशी, की महागडा कॅमेरा उजेडातल्या उणिवा सांभाळून घेतो आणि स्वस्त कॅमेरा चांगला उजेड मागतो. स्टुडिओत हवा तसा प्रकाश बांधणाऱ्या श्रीमंत निर्मात्याचे स्वस्तावर भागेल. उघड्या माळावर चित्रण करणाऱ्या गरीब मुलांनाच चांगल्या कॅमेऱ्याची गरज जास्त! त्यांच्या हाती एकच उपाय उरतो : सकाळ-संध्याकाळची मऊ उन्हे धरायची, पांढरा कपडा ताणून ऊन गाळायचे, थर्मोकोलचा तक्ता धरून चेहऱ्यावर उजेड टाकायचा. याला वेळ लागतो, माणसे लागतात.

कर्जाचे अर्ज तपासताना एक गोष्ट नेहमी दिसे. माणूस यंत्राची किंमत चोख लिहून आणी, पण यंत्र चालवायला लागणारे खेळते भांडवल विसरे. मग यंत्र धूळ खाई आणि हप्ते चालू राहत. सिनेमातही कॅमेरा हे यंत्र आहे. दिवे, ध्वनी, संकलन, मंडळींचे दोन वेळचे जेवण हे खेळते भांडवल. मोठा कॅमेरा हवाच असेल तर मोजक्या दिवसांसाठी भाड्याने मिळतो. त्यासाठी घर गहाण पडता कामा नये.

गेल्या काही वर्षांत अंतर फार कमी झाले. आरसा असलेल्या त्या कॅमेऱ्यांची जागा बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी घेतली. रंगाच्या १,०२४ पायऱ्या आता मध्यम किमतीतही मिळतात. २०२४ मध्ये तर निकॉनने रेड ही सिनेमाचे कॅमेरे बनवणारी कंपनीच विकत घेतली. ‘द क्रिएटर’ (२०२३) हा हॉलिवूडपट सोनीच्या सुमारे चार हजार डॉलरच्या एफएक्स-थ्री या लहानग्या कॅमेऱ्यावर झाला. मुले हा दाखला हटकून देतात. पण तो पुरता वाचावा : कॅमेरा चार हजारांचा, चित्रपट आठ कोटी डॉलरचा!

आपला दाखला जुना आहे. दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कॅमेरा मिळवला. कर्ज काढून कॅमेरा घेतलाच की, असे कोणी म्हणेल. पण पुढे त्यांनी काय केले ते पाहा. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी धीराने थोडी थोडी टिपली. ते चित्र पाहून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे राहिले. म्हणून मुलांनी कॅमेरा मागितला, तर नाही म्हणू नका. हाताशी आहे त्या कॅमेऱ्यावर पाच मिनिटांचे काही करून दाखवा, एवढेच सांगा. ते पाहताना चेहरे दिसतात का आणि बोलणे ऐकू येते का, हे घरातल्या आजीला विचारा. मग पैशाचे बोलू.