दूध बदलले, बाटली राहिली



गेल्या खेपेस आपण उन्हाळ्यातील वैरणीविषयी बोललो. आज गोठ्यातून उठून जरा ओसरीवर येऊ. लहान मुलाची दुधाची बाटली कशी सोडवावी आणि त्याला पेल्याने दूध प्यायला कसे शिकवावे, हा आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, खते-बियाणे सांगणारा हा विस्तार अधिकारी पोराबाळांच्या खाण्यात कशाला शिरला? कारण असे, की या बाबतीत माझ्याच हातून एक चूक झाली. ती तुमच्या घरात होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

कुर्ल्याचा नातू

माझी पुतणी मुंबईत कुर्ल्याला राहते. आपल्याकडची पुष्कळ मंडळी नेहरूनगरच्या एस.टी. आगारात उतरतात, तेथून तिची खोली जवळच आहे. याच नेहरूनगरात शासनाची मदर डेअरी होती. त्या डेअरीचे दिवस सरले. २०२४ मध्ये तिची जागा धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय झाला. मुंबईला जाणारे आपले दूध मात्र थांबलेले नाही. गावात सायंकाळी धार काढून संघाला घातलेले दूध पिशवीत बंद होऊन मुंबईच्या दारोदार पोचतेच.

पुतणी नोकरी करते. बाळ चार महिन्यांचे झाले आणि तिला कामावर हजर व्हावे लागले. शेजारच्या मावशी बाळाला सांभाळत. मग डब्याची पावडर आली आणि पावडरीबरोबर बाटली आली. बाळ वर्षाचे झाल्यावर तिचा फोन आला. "काका, डबा फार महाग पडतो. आता पिशवीचं दूध दिलं तर चालेल का?"

मी म्हटले, "चालेल म्हणजे काय? आपण दुधावर जगणारी माणसं. डबा बंद कर आणि पोराला पोटभर दूध पाज."

वाचकहो, माझा हा सल्ला अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक. दूध द्यायला हरकत नव्हती. पण किती द्यायचे, कशातून द्यायचे आणि त्याच्या जोडीला काय खाऊ घालायचे, हे मी सांगितले नाही. जन्मभर दूध वाढवा, दूध वाढवा असे सांगत हिंडलेल्या माणसाला दूध जास्त होऊ शकते हे सुचलेच नाही.

पुढे चैत्रात जत्रेला पुतणी गावी आली. नातू दीड वर्षाचा झाला होता. अंगाने गुबगुबीत दिसे. दिवसाकाठी पाव लिटरच्या पाच बाटल्या, म्हणजे सव्वा लिटर दूध पिई. आमच्या वहिनी चारचौघांत कौतुकाने सांगत, "आमचा नातू खात काही नाही, पण दूध कसं झकास पितो!" मलाही बरे वाटे. पण माझ्या पत्नीचे लक्ष दुसरीकडेच होते. ती म्हणाली, "अहो, याचे तळवे बघा. कागदासारखे पांढरे पडलेत. आणि सारखा भिंतीचे पोपडे काढून खातोय."

दुसऱ्या दिवशी मुलाला ग्रामीण रुग्णालयात नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात. या वयात ते अकराच्या आसपास तरी हवे. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "हा खातो काय?" वहिनी म्हणाल्या, "खात काही नाही, पण दूध भरपूर पितो." बाई म्हणाल्या, "आजी, म्हणूनच."

दुधात काय नाही?

दुधात प्रथिने आहेत, चुना म्हणजे कॅल्शियम आहे, स्निग्धांश आहे. पण लोह जवळजवळ नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे आठ मिलिग्रॅम लोह लागते. लिटरभर दुधात एक मिलिग्रॅमही नसते. शिवाय दुधाने पोट भरलेले मूल भाकरी, वरण, भाजी, अंडे यांना तोंड लावत नाही, आणि लोह तर त्यांच्यातच असते. वजन वाढते, गाल भरतात, रक्त मात्र कमी होत जाते. माती, खडू, पोपडे खाणे हा नेहमी खोडकरपणाच असतो असे नाही. ते बरेचदा रक्त कमी असल्याचे लक्षण असते.

डब्याच्या पावडरीत कारखान्यातच लोह मिसळलेले असते. म्हणून डबा चालू असेपर्यंत उणीव झाकली गेली. दूध बदलले, पण बाटली तशीच राहिली आणि घास काही वाढला नाही. आमचे चुकले ते इथे.

आणि हे मला गोठ्यातून कळायला हवे होते. वासराला आपण चीक पाजतो, दूध पाजतो, पण काही दिवसांतच त्याच्यापुढे थोडा खुराक आणि कोवळी वैरण ठेवतो. का? नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासराचे रवंथाचे पोट नीट तयार होत नाही आणि ते रक्तालाही कमी पडते. कालवडीच्या बाबतीत आपण हे पाळतो. नातवाच्या बाबतीत विसरतो. संघाला घालायचे दूध थेंबाथेंबाने मोजतो, फॅट-डिग्री लावतो, पण पोराच्या पोटात दिवसभरात किती गेले ते मोजत नाही.

हा एका घरचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. बाटली हे त्यांतले एक आहे, आणि ते आपल्या हातातले आहे.

बाटलीच का नको?

दूध तेच, मग बाटलीत काय वाईट? पहिली गोष्ट, बाटलीने मूल भुकेपेक्षा जास्त पिते. ती हातात घेऊन हिंडते, लोळत पिते, झोपेत ओढते. पेल्याने ते बसून पिते आणि पोट भरले की तोंड फिरवते. दुसरी गोष्ट, रात्री तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात लवकर किडतात. तिसरी गोष्ट स्वच्छतेची. निपलच्या भोकात आणि बाटलीच्या गळ्यात दुधाचा अंश राहतो, तो आंबतो, त्यातून हगवण होते. वाटी-पेला राखेने किंवा साबणाने घासून उन्हात पालथा घातला की स्वच्छ. आपल्या आज्या तान्ह्या मुलाला वरचे दूध द्यायची वेळ आली तर बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजत. त्यांना बाटलीवाचून अडले नाही.

पेल्याची सवय अशी लावा

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताच छोट्या पेल्यातून घोट-घोट पाणी पाजायला लागा. सांडेल, सांडू द्या. वर्षाच्या सुमारास बाटली काढायला सुरुवात करावी आणि दीड वर्षाच्या आत ती घरातून जावी. उशीर झाला असेल तरी आजपासून सुरुवात करता येते.

वासराला बादलीने प्यायला शिकवताना आपण काय करतो? दुधात बोट बुडवून चाटवतो आणि हळूहळू त्याचे तोंड खाली बादलीत आणतो. डोके धरून दाबले तर ते बिचकते आणि दोन दिवस बादलीजवळ येत नाही. मुलाचेही तसेच आहे. जबरदस्ती नको.

१. आधी दुपारची बाटली काढा. त्या वेळी मूल जागे आणि खेळकर असते. त्याच्या आवडीच्या पेल्यात दोन-तीन घोट दूध घाला, आपणही आपला पेला घ्या आणि त्याच्यासमोर प्या.

२. चार-पाच दिवसांनी ते अंगवळणी पडले की सकाळची बाटली काढा. आधी खाऊ घाला, मग पेल्याने दूध द्या. मधल्या वेळच्या बाटल्या याच क्रमाने.

३. रात्रीची बाटली सर्वांत शेवटी. निजण्यापूर्वी पेल्याने दूध पाजून दात पुसून घ्या. रात्री उठले तर पाणी द्या, थोपटा, जवळ घ्या.

४. एकदा काढलेली बाटली परत देऊ नका. घरातल्या सर्वांनी हे ठरवूनच करावे. आई नाही म्हणते आणि आजी पदराआडून देते, असे झाले तर मूल दोघींनाही ओळखून असते.

निपलला कडुनिंब किंवा मिरची लावण्याचा उपाय करू नये. मूल भेदरते आणि खाण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. मूल आजारी असताना, प्रवासात किंवा घरात नवे बाळ आले त्याच आठवड्यात बाटली सोडवायला घेऊ नका.

पुतणीची खरी अडचण वेगळीच होती. ती म्हणाली, "काका, गावी ठीक आहे. तिकडे भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं. रात्री हा रडला की दोन्हीकडचे जागे होतात. सगळ्यांना पहाटेची गाडी पकडायची असते. म्हणून मी रडायच्या आत बाटली तोंडात देते." हे खरे होते. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. शेवटी आम्ही असे केले, की दिवसाच्या बाटल्या गावीच सोडवल्या. रात्रीचीसाठी तिने कुर्ल्याला शनिवार निवडला आणि दोन्ही शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवले, "तीन रात्री पोर रडेल, सांभाळून घ्या." पहिल्या रात्री तासभर रडला, दुसऱ्या रात्री त्याहून कमी. चौथ्या रात्री पाण्याचा घोट घेऊन झोपला. शेजारच्या मावशींनीच सकाळी विचारले, "आज उठला नाही का गं?"

किती आणि कोणते दूध?

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी चारशे ते पाचशे मिलिलिटर दूध पुरे. घरचे फुलपात्र एकदा मापाने मोजून ठेवा. साधारण दोन फुलपात्री झाली की थांबा. ताक-दही देत असाल तर तेही यातच धरा. आईचे दूध चालू असेल तर ते दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. मग वरचे दूध आणखी कमी लागते.

दूध गाईचे असो वा म्हशीचे, नेहमी उकळूनच द्या. धारोष्ण दुधाचे कौतुक आता सोडा. त्यातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे रोग येतात. पाणी घालून पातळ करू नका. म्हशीचे दूध जड जात असेल तर तापवून वरची साय काढा. दोन वर्षांपर्यंत फार कमी स्निग्धांशाचे दूध मुलाला देऊ नये. पिशवी घेताना डबल टोन्ड टाळावे, त्यात स्निग्धांश दीड टक्काच असतो. दुधात चहा मिसळून देऊ नका, चहाने अन्नातील लोह अंगी लागत नाही.

आता डब्याविषयी. वर्षाच्या आतील बाळाला वरचे दूध देण्याची वेळ आली असेल तर कोणते, ते डॉक्टरांनाच विचारा. वर्षानंतर मात्र निरोगी मुलाला मोठ्या मुलांची म्हणून विकली जाणारी पावडर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे स्पष्ट सांगितले आहे. आपल्या देशात तर १९९२ पासून कायदाच आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करण्यास त्याने बंदी आहे, आणि डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही. डबा महाग म्हणून चमचाभर कमी पावडर घालून पाणी वाढवण्याची सवय पुष्कळ घरांत असते. ते उपाशी ठेवण्यासारखेच आहे.

पेल्याच्या जोडीला ताट

बाटली गेली की भूक उघडते. ती संधी दवडू नका. वरणात कुस्करलेली बाजरीची भाकरी, त्यावर तूप आणि लिंबाचे दोन थेंब, मेथी-पालकाची मऊ भाजी, अंडे, खात असाल तर मटणाचा किंवा कलेजीचा बारीक घास, खजूर, अळिवाची खीर. लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह अंगी लागते. आधी ताट आणि मग पेला, हा क्रम ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना शासनातर्फे लोहाचे पातळ औषध मिळते, आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. आशाताईंकडे मागा. त्याने शी काळी होते, घाबरू नका. पण मूल पांढुरके दिसत असेल, पोपडे खात असेल, लवकर दमत असेल तर तेवढ्यावर विसंबू नका, आधी रक्त तपासून घ्या. अपुऱ्या दिवसांचे, दूध न सोसणारे किंवा इतर आजार असलेले मूल असेल तर वरील सर्व गोष्टी डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

आमच्या नातवाला डॉक्टरीणबाईंनी लोहाचे औषध दिले, बाटली बंद केली आणि दूध दोन पेल्यांवर आणले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरावर गेले. पोपडे खाणे तर त्याआधीच थांबले होते. परवा कुर्ल्याला गेलो तर माझ्याच ताटातली भाकरी ओढत होता. वहिनी मात्र अजून फोनवर विचारतात, "दूध किती पितो गं?" पुतणी सांगते, "दोन पेले. आणि भाकरी अर्धी."

तुमच्या घरी लहान मूल असेल तर आज सायंकाळी एवढेच करा. त्याने दिवसभरात किती दूध प्यायले ते मापाने मोजा आणि किती घास खाल्ले तेही मोजा. मग बाटली केव्हा काढायची ते तुम्हालाच कळेल.

पुढील अंकात : पावसाळ्यापूर्वी जनावरांना घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी.